दौंड दिसतंय का?

आमचे हे दौंडला इंजिन ड्रायव्हर, आणि त्यांना एकदा तरी तारा मरताना पाहायचा होता. मरणारा तारा फुटतो आणि काही आठवडे शेजारच्यांना फिकं पाडतो, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. माणसाला कसला नाद लागेल सांगता येत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून दुर्बीण आली. क्वार्टरच्या अंगणात भिंतीवर वाळूची पिशवी ठेवून, तिच्यावर दुर्बीण टेकवून आम्ही दोघं संध्याकाळी शर्मिष्ठा या तारकासमूहाकडे बघू लागलो.

असा तारा दिसलाच, तर त्याचं तेज रोज किती उतरतं हे सांगायला आजूबाजूचे तारे आधी तेजाच्या क्रमानं लावून ठेवावे लागतात. ताऱ्यांच्या पुस्तकात त्यांचे आकडे होते, पण उलटे.

"आकडा मोठा आन् उजेड कमी, ह्यो कसला कारभार?" असं म्हणून ह्यांनी आकडे सोडले आणि आपल्या लाइनची स्टेशनं लावली. सगळ्यांत तेजस्वी लोणी, मग उरळी, यवत, केडगाव, पाटस आणि जेमतेम दिसणारं दौंड. सरावाला तिथलाच एक कमी-जास्त होणारा तारा धरला, ती आमची गाडी. आधी हे बघत, मग मी, आणि दोघांनी एकदम बोलायचं. "यवत सुटलं, केडगाव लांब हाय." म्हणजे गाडी यवतपेक्षा जराशी मंद, केडगावपेक्षा बरीच तेजस्वी. आमचं जुळायचं. संसारात इतकं दुसऱ्या कशात जुळलं नाही.

एका हिवाळ्यात हे अंगणातल्या बादलीला अडखळू लागले. पाटस आणि दौंड इंजिनांच्या शेडच्या धुरात गेली म्हणू लागले. मला दिसतात म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून ह्यांनाही दिसू लागली. गाडी मात्र अचूक सांगत, म्हणून मी निर्धास्त होते. मग एके दिवशी भाकरी थापताना डोक्यात आलं, की सगळेच तारे सारखे मंद दिसले तर तुलना चुकतच नाही.

त्या संध्याकाळी मी दुर्बीण जराशी सरकवली. लोणी, यवत, केडगाव आत राहिली, दौंड बाहेर गेलं.

"दौंड दिसतंय का?"

"दिसतंय की. सोच्छ."

"दौंड दुर्बिणीत नाहीच."

ह्यांनी डोळा दुर्बिणीवरून काढला. मग म्हणाले, "इंजिनावर फायरमन हाय, सिग्नल वरडून सांगतो. बाकी रस्ता पाठ हाय मला."

मला संताप आला आणि तितकीच भीती वाटली. "मागं डब्यांत माणसं असतात. त्यांना सांगितलंय का तुम्ही?"

ह्यांना त्या रात्रीच्या गाडीवर जायचं होतं. जेवणाचा डबा भरून ठेवला होता. ह्यांनी तो उघडला, अंगणातच बसून जेवले, डबा धुतला आणि साहेबांना सांगायला भिंत धरत शेडकडे गेले.

इंजिन चालवणं सुटलं. लॅम्प रूममध्ये काम मिळालं, सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचं आणि काचा पुसायच्या. दुर्बिणीला ह्यांनी पुन्हा हात लावला नाही. अंधार पडला की अंगणात बसून विचारायचे, "लागलं का दिवं?"

"लागले," मी म्हणे.

मग हे मान वर करून सिग्नलकडे म्हणून बघत बसायचे. हे बघत, त्याच्या बराच डावीकडे सिग्नल होता.