मामाची बोडी आणि आमचा पहिला मुक्काम

मित्रांनो, आज मन पार खचलंय.

थंडीत गोरेगावहून इटियाडोह धरणापर्यंत बाईकने जायचं, वाटेत तंबू टाकायचा, मासे धरायचे, असं ठरवत होतो. पहिला मुक्काम मामाच्या बोडीवर, म्हणजे त्याच्या शेतातल्या तळ्यावर. गळ टाकायला त्यानेच मला तिथं शिकवलं.

दुपारी जागा बघायला गेलो. बोडीच नाही! सपाट जमीन आणि धानाची धसकटं.

"मामा, बोडी काऊन बुजवली?"

"बोअर मारला ना. आता बोडी कायले पाहिजे? तेवढंच धान जास्त होते."

वाटेतल्या बाकीच्या बोड्यांचं विचारलं. त्याही बुजवल्या म्हणे.

मी गाडीला किक मारली, तर मागे बांधलेला गळ हाताळत मामा म्हणाला, "मले बी घेऊन चाल ना रे. मासोळ्या धरून किती वर्षं झाले."

सांगा, त्याला कुठे नेऊ?