लीलाताईचा इंग्रजीचा पेपर

मंगळवारी सकाळी पवनीहून भाऊजींचा फोन आला. लीलाताई गेली, एवढंच त्यांनी सांगितलं. मी शाळेत रजा कळवली आणि तुमसरहून बस धरली.

आता महिना उलटून गेला आहे. लिहायला बसलो की ते रविवार आठवतात... ताई माझी थोरली बहीण. दहावीनंतर तिचं लग्न झालं आणि पुढे कित्येक वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायची. सेविकेची जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेसाठी बारावी पास असावं लागत होतं. बाकीचे विषय सुटले, इंग्रजी राहिलं. पुरवणी परीक्षेत ते सुटलं नसतं तर जागा दुसरीला गेली असती आणि ताई मदतनीसच राहिली असती. मी इंग्रजीचा शिक्षक, म्हणून दर रविवारी तिच्याकडे जायचो.

ती अडायची साध्या भूतकाळापाशी आणि पूर्ण वर्तमानकाळापाशी. मी कागदावर रेघा ओढायचो, बाण काढायचो. ती तांदूळ निवडत ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "दोन्हीत काम झालंच ना बाबू? मंग दोन कायले पायजेत? इंग्रजाइले दुसरं काम नोतं काय?"

एका रविवारी दुपारी मी आणि भाऊजी एकदमच दारात पोचलो. ते एका बारशाहून परतले होते. आमच्याकडे आल्यागेल्याला पाणी देतानाच विचारतात, तसं तिनं विचारलं, "जेवले काय?"

मी म्हणालो, "सकाळी जेवलो." भाऊजी म्हणाले, "मी जेवलो हाये."

तिनं माझ्यापुढे ताट मांडलं, भाऊजींना सुपारी दिली. मी म्हटलं, "ताई, जेवलो तर दोघंही. ताट मलाच का?"

"तुवं सकाळसंगं गेलं. याईचं आजून पोटात हाये. एवढंबी समजत नाही, अन् मास्तर म्हणे."

आणि ती भात वाढता वाढता थांबली... "हेच हाये काय रे थे?"

मी मान हलवली.

"मंग इतक्या दिवसापासून रेघा कायले मारून राहिला?"

भाऊजी सुपारी तोंडात धरून हसत राहिले. त्यानंतर कुठलंही वाक्य आलं की ती आधी विचारायची, त्याचं आता काही उरलं आहे का. दार उघडलं, तर आता उघडं आहे का? पाहुणा आला, तर आता घरात आहे का? मग ती लिहायची, सावकाश, पण बरोबर. निकालाच्या दिवशी फोनवर म्हणाली, "सुटलं बाबू इंग्रजी."

मागच्या आठवड्यात पवनीला गेलो होतो. अंगणवाडीत नवी सेविका आली आहे. भिंत अजून रंगवलेली नाही. तिच्यावर 'सेविका' या शब्दापुढे ताईचं नाव आहे.