कड्यावरची उतरंड

कल्याणच्या पूर्वेला, मुरबाडच्या बाजूच्या डोंगरांतून निघून घाटमाथ्यावर चढणारी एक जुनी पायवाट आहे. सगळी चालायची तर पाच-सहा दिवस लागतात. ती कुणाच्याच मालकीची नाही, म्हणून तिची देखभाल आम्ही आठ-दहा जण करतो. सगळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले नोकरदार नाहीतर निवृत्त. एक रविवार आड शहाडला जमायचं, जीप ठरवायची, करवंदीच्या जाळ्या कोयत्याने छाटायच्या, ढासळलेले दगड पुन्हा बसवायचे, लोकांनी टाकलेलं प्लास्टिक पोत्यात भरून खाली आणायचं. यात शौर्य काही नाही. घर झाडण्यासारखंच काम आहे, फक्त घर फार लांबट आहे.

दुसऱ्या दिवशी ही वाट एका सड्यावर येते. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. त्यावर पाऊल उमटत नाही, त्यामुळे वाटही उमटत नाही, आणि तीन बाजूंना सरळ तुटलेला कडा. पावसाळ्यात धुकं उतरलं की दरी कुठली आणि आकाश कुठलं ते कळेनासं होतं. तिथे माणूस उतरंडींच्या भरवशावर चालतो. मोठ्या दगडावर मधला, मधल्यावर लहान, अशी रचलेली खूण. एकीपाशी उभं राहिलं की धुक्यातही पुढची दिसावी इतक्याच अंतरावर आम्ही त्या रचतो. नियम एकच: जिथे वाट नाही तिथे उतरंड नाही.

माझ्या भाचीलाही मी हेच शिकवलं होतं. उतरंड दिसली की शंका काढायची नाही, तिकडे चालायचं. ती बाळकुमला राहते, आयटीत आहे, आणि या जूनमध्ये दोन मैत्रिणींबरोबर ही अख्खी वाट चालणार होती. रजा ऑफिसने मंजूर केली होती, आईने अजून नाही.

त्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, वाटेचं लोकार्पण झालं. जी वाट लोकांचीच होती ती लोकांना अर्पण करायला एक लोकप्रतिनिधी आले. त्यांना सगळे साहेब म्हणत, तेव्हा मीही साहेबच म्हणतो. पायथ्याशी लोखंडी कमान उभी राहिली. तिच्यावर साहेबांचा फोटो एवढा मोठा की मागचा डोंगर त्यांच्या कानामागे गेला. साहेब स्वतः मागच्या कच्च्या रस्त्याने गाडीतून सड्याच्या खांद्यापर्यंत आले आणि उरलेला चढ त्यांनी कॅमेऱ्याच्या वेगाने पार केला. आम्हालाही निमंत्रण होतं. आम्ही गेलो. न जाण्याने वाट वाचते असा अनुभव नाही.

सोबत निवेदक होता. आवाज दहीहंडीच्या मंचावर कमावलेला, ठाण्याच्या टेंभी नाक्याला शोभेल असा. त्याने आमच्या खुणा पाहिल्या आणि त्याला कल्पना सुचली. ‘एक नागरिक, एक उतरंड’ अशी घोषणा त्याने माईकवरून दिली. प्रत्येकाने आपल्या नावाने, आपल्याला आवडेल त्या जागी, आठवण म्हणून दगड रचावेत. लोक उत्साहाने पांगले. सड्यावर दगडांना तोटा नाही. मी धावत त्याच्यापाशी गेलो आणि हे थांबवा, पावसाळ्यात माणसं मरतील, असं सांगितलं. त्याने माईकवर हात ठेवला आणि अतिशय सौजन्याने म्हणाला, “काका, तुमचा सत्कार शेवटी आहे.”

साहेबांची उतरंड अर्थातच सगळ्यांत उंच झाली. फोटोत मागे दरी हवी म्हणून ती अगदी कड्याला, हातभर अंतर ठेवून रचली गेली. मग कुणाच्या तरी पिशवीतून हळदीकुंकू निघालं, झेंडूचा हार निघाला, नारळ फुटला. आणि तिथेच आमचा घात झाला. दगड रचला की तो दगड असतो. त्याला कुंकू लागलं की तो भावना होतो.

शेवटी खरंच माझा सत्कार झाला. वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या कातळावर, मला लोकरीची शाल पांघरण्यात आली.

घोडबंदर रोडला टॉवर उगवतात तशा एका दुपारी सड्यावर उतरंडी उगवल्या होत्या. पुढच्याच रविवारी आम्ही त्याच कच्च्या रस्त्याने जाऊन त्या पाडायला लागलो. दिवसभर वाकून वाकून कंबर मोडली, पण संध्याकाळी आमच्या तेवढ्या उरल्या. आणि एक साहेबांची. धुकं जरा विरळ झालं की आमच्या तिच्याजवळच्या उतरंडीवरून तीच आधी दिसणार, पुढची खरी खूण तिच्यापेक्षा बुटकी म्हणून नजरेआड राहणार, आणि तिच्यापर्यंत पोचलेल्या माणसाला पुढचं पाऊल टाकायला जमीन नाही.

तिच्याभोवती आम्ही सगळे उभे राहिलो. हार, कुंकू तसंच होतं, आणि हात कुणी घालेना. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला आमचा कल्याणचा मित्र एरवी सगळ्यांत आधी दगडाला हात घालतो. तोही मागे सरला. मी त्याच्याकडे पाहिलं.

“माझ्याकडे नको बघू,” तो म्हणाला. “माझ्या घरी बुद्धवंदना होते. मी हा दगड हलवला, तर उद्या धुक्याबद्दल कुणी एक अक्षर बोलणार नाही.”

तो खरं बोलत होता, आणि ते खरं आहे याची मला जितकी चीड आली तितकी साहेबांच्या कमानीचीही आली नव्हती. जो माणूस वीस पावसाळे ही वाट राखतो आहे त्याने आधी बातमीचा विचार करायचा, आणि एका दुपारी फोटो काढून गेलेल्याने कशाचाच नाही.

मी साहेबांच्या कार्यालयात गेलो. साहेब नव्हते, त्यांचे स्वीय सहायक भेटले. चहा चांगला होता. मी कागदावर सडा काढून दाखवला, कडा दाखवला, माझी भाची पुढच्या आठवड्यात तिथून जाणार आहे हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की पूजा झालेली वस्तू हलवणं योग्य दिसणार नाही, पण साहेबांना सुरक्षिततेची काळजी आहेच, तेव्हा तिथे रेलिंग आणि सेल्फी पॉइंटचा प्रस्ताव टाकता येईल. मी विचारलं, कधीपर्यंत? पावसाळा संपला की, म्हणाले.

भाचीला फोन करून म्हटलं, जाणं पुढे ढकल. नाहीतर मी बरोबर येतो.

“मामा, तू आलास की ट्रेक नाही, सहल होते,” ती म्हणाली. “आणि उतरंडी आहेत ना? तूच म्हणतोस, शंका काढायची नाही.”

तिच्या निघण्याआधी आम्हाला एकच रविवार मिळाला. त्या दिवशी आमच्यातल्या डोंबिवलीच्या काकू आल्या. काकू बँकेतून निवृत्त झाल्या, सोवळं पाळत नाहीत पण चतुर्थी मोडत नाहीत, आणि मेमध्ये मुलीकडे गेल्यामुळे सत्काराला मुकल्या होत्या. सड्यावर धुकं उतरायला लागलं होतं. त्यांनी उतरंडीवरचा वाळलेला हार पाहिला, वरचं कुंकू पाहिलं, आमचे चेहरे पाहिले.

“उत्तरपूजा कुणी केली?” त्यांनी विचारलं.

कुणीच केली नव्हती.

“वा. दीड दिवसाच्या पाहुण्याला तीन आठवडे पावसात उभा केलाय, आणि भावना म्हणे आपण हलवल्याने दुखावणार.”

त्यांनी बूट काढले. डब्यातल्या दहीभाताचं बोट दगडाला लावलं, कुणाकडे तरी तांदूळ आहेत का विचारलं, नव्हते, म्हणून चिवड्यातले पोहे वाहिले. हात जोडून मंत्र पुटपुटल्या आणि एकदम थांबल्या. आम्ही सवयीने ‘पुनरागमनाय च’ म्हणायला तोंड उघडलं होतं.

“ते नाही म्हणायचं,” काकू म्हणाल्या. “याला परत बोलवायचं नाहीये.” मग सर्वांत वरचा दगड त्यांनी स्वतः उचलला आणि आमच्या कल्याणच्या मित्राच्या हातात दिला. “घ्या. आता नुसता दगड आहे.”

त्याने तो घेतला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि हसला.

दरीत आम्ही दगड टाकत नाही, खाली गुरं चरतात. म्हणून कड्यापासून बऱ्याच आत, ओळीने आडवे मांडले. आडवी ओळ म्हणजे इथून पुढे जाऊ नका, एवढं डोंगरात फिरणाऱ्या कुणालाही कळतं. मोठे दगड माझ्या सत्काराच्या शालीत घालून दोघादोघांनी वाहिले. शालीचा तेवढा उपयोग मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

भाची ठरल्याप्रमाणे गेली. सड्याच्या दिवशी तिचा फोन लागत नव्हता. मी घरात पेपर उलटसुलट वाचत होतो आणि बहीण मला दर तासाला फोन करून मी घाबरलोय का विचारत होती. संध्याकाळी पलीकडच्या पाड्यावर तिला रेंज मिळाली.

“सड्यावर काहीच दिसलं नाही रे मामा,” ती म्हणाली. आवाज जरा नाराज होता. “नुसतं पांढरं. एका उतरंडीकडून दुसरीकडे, बस. एके ठिकाणी दगडांची ओळ लागली, तिथून वळलो.”

मी म्हटलं, छान.

मागोमाग तिचा फोटो आला, पहिल्या दिवशीचा. तिघी कमानीखाली उभ्या, वर साहेब हात जोडून. डोंगर कुठेच नव्हता. मी विचारलं, एवढ्या वाटेत तुम्हाला हीच जागा सापडली का?

“अरे, तिथे लाइट मस्त होता,” ती म्हणाली.