अकराव्या प्रकरणातली ती ओळ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, हे म्हणणंसुद्धा कमीच आहे. मी रहस्यकथा लिहायचो. माझ्या कादंबऱ्यांत गच्चीवर फिरणारी पांढरी आकृती शेवटच्या प्रकरणात हटकून कुणाचा तरी पुतण्या किंवा दिवाणजी निघायची! त्यामुळे खालचं वाचून कुणी हसलं तर मला नवल वाटणार नाही. पण यात भुताची गोष्ट थोडी आहे, माझीच जास्त आहे... आणि ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, त्या वेळची ही हकीकत. मी ग्वाल्हेरला, लश्कर नावाच्या भागात, एका सरकारी कचेरीत कारकून होतो. माधवगंजात दोन खोल्यांत मी आणि माझी बायको सुमती. कचेरीतली निम्मी माणसं भोपाळला हलणार होती. दौलतगंजात पान खायला थांबलं तरी एकच सवाल — "तुमचं नाव लिस्टमध्ये आलं का?"

आमच्या टेबलावर आम्ही दोघं, मी आणि दिगंबर. शाळेपासूनचा माझा मित्र. एकाला लश्करच्या शाखेत ठेवायचं होतं, दुसऱ्याला भोपाळ. दिगंबरची बायको कुसुमवहिनी छातीने अधू होती. प्रवास आणि नवी हवा तिला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी जोडून त्याने अर्ज केला आणि माझ्याकडे दिला, कारण साहेबांपुढे कागद ठेवायचं काम माझं.

"तूच ठेव यार," तो म्हणाला. "तुझ्या हातून गेला म्हणजे मला फिकर नाही."

मी तो ठेवला नाही.

कारण ऐकून तुम्हाला किळस येईल. घरी कुणी आजारी नव्हतं, म्हातारे आईवडीलही नव्हते. मला पुस्तकं सुचायची ती लश्करच्या गल्ल्यांत फिरताना. दाल बाजारातून माधवगंजापर्यंत घड्याळ लावून चालायचं, खुनी इतक्या मिनिटांत पोचेल का ते बघायचं... भोपाळला गेलो तर लिहिणं आटेल, अशी भीती बसली होती. बस्स, एवढंच.

अर्ज फाडायची हिंमत झाली नाही. दफ्तरखान्यात जुनी कागदपत्रं फडक्यांत बांधून ठेवलेली असत. त्यांना आम्ही बस्ते म्हणायचो. सगळे लाल, एक निळा. लाल कापड संपलं म्हणून कधीतरी निळ्यात बांधलेला. त्यात पन्नास वर्षांपूर्वीचे, कुणी कधी न मागणारे कागद होते. अर्ज त्यात सरकवला आणि गाठ मारली. मी डावखुरा. माझी गाठ इतरांपेक्षा उलटी बसते.

लिस्ट लागली. दिगंबर भोपाळला.

"साहेबांनी ऐकलं नाही रे," तो म्हणाला. मी मान हलवली. स्टेशनवर पोचवायलाही गेलो. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, नवं पुस्तक आलं की पाठवा हं. खुनी कोण ते मी आधीच ओळखते."

ते गेले आणि महिन्याभरात मला नवी कल्पना सुचली. माझ्या डोक्यात आधी एखादी वस्तू यायची. या वेळी आला हरवलेला कागद. होय, तोच! आपलं पाप विकायला काढतोय हे मला कळत होतं. पण कल्पना चांगली होती आणि मी ती सोडली नाही. कादंबरीत जमीनदाराचं मृत्युपत्र केलं, चोर म्हणून एक मुनीम उभा केला, कागद चुलीमागच्या कोनाड्यात लपवला. शेवटचं प्रकरण मी नेहमी पहिल्यांदा लिहायचो. मग कोण कुणाशी काय खोटं बोललं, ते चिठ्ठ्यांवर मांडायचं. चिठ्ठ्या जमल्या की पेन्सिलीने कच्चं, तेच त्याच दिवशी शाईने पक्कं, आणि समासात तारीख.

श्रावणात हस्तलिखित पुरं करून पुण्याला प्रकाशकाकडे पाठवलं. त्याच सुमाराला भोपाळहून पोस्टकार्ड आलं. कुसुमवहिनी गेल्या होत्या.

मी दोन दिवस जेवलो नाही. सुमतीला वाटलं, मित्राचं दुःख.

दिवाळीनंतर प्रुफं आली. अकराव्या प्रकरणात जमीनदाराची बहीण मरणशय्येवर असते. मी तिच्या तोंडी लिहिलं होतं, "मला काशीला न्या." प्रुफात छापलेलं होतं —

"अहो, निळ्या फडक्यात बघा ना. गाठ उलटी आहे."

पुस्तकात निळं फडकं कुठेच नव्हतं. मी ती ओळ खोडली, बरोबर वाक्य लिहिलं आणि प्रकाशकाला खरमरीत पत्र टाकलं, की तुमच्या खिळे जुळवणाऱ्याने हा काय चावटपणा केलाय? त्यांनी उत्तरादाखल माझंच पान परत धाडलं. अक्षर माझं, शाई माझी. पेन्सिलीचं कच्चं काढून पाहिलं तर तिथे काशीच होती! पानाच्या समासात तारीख होती. पंचांग काढलं — नागपंचमी. तो दिवस मला आठवत होता. सुट्टी होती, सुमतीने पुरणाची दिंडं केली होती आणि मी दुपारी लिहीत बसलो होतो. पण ही ओळ लिहिल्याचं काही केल्या आठवेना.

मनाने हातावर कुरघोडी केली, असं मी स्वतःला समजावलं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला एवढं सुचतंच.

मग माघात दिगंबर आला, बहिणीच्या घरी काही काम होतं म्हणून. आमच्याकडे येऊन बसला. अर्धा झाला होता. सुमतीने चहा ठेवला.

"तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "तू डिटेक्टिव्हच्या गोष्टी लिहितोस, तुला अर्थ लागेल कदाचित. नागपंचमीला सकाळपासून हिला शुद्ध नव्हती. दुपारी गेली. पण तोवर एकच घोकत होती. निळ्या फडक्यात बघा, गाठ उलटी आहे. मी घरातली सगळी फडकी सोडून पाहिली रे. एकही निळं नव्हतं. काय म्हणत असेल ती?"

मी म्हणालो, "तापात माणूस काहीही बरळतं."

असं म्हणालो मी! समोर बसून. तो मान हलवत उठला, "उद्या निघतो" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच दफ्तरखान्यात गेलो. निळा बस्ता तिथेच होता, वर बोटभर धूळ. गाठ माझीच, कुणी हात लावलेला नव्हता. अर्ज काढला आणि तसाच दिगंबरच्या बहिणीच्या घरी गेलो. तो ओसरीवर वळकटी बांधत होता.

"तुझा अर्ज," मी म्हणालो. "मी साहेबांपुढे ठेवलाच नव्हता. निळ्या बस्त्यात लपवला होता."

तो मारेल असं वाटलं होतं. मारायला हवं होतं. त्याने कागद उलगडून सावकाश वाचला, पहिल्यापासून सहीपर्यंत. मग म्हणाला, "वय चुकलंय बघ. मी बत्तीस लिहिलं. ती तेहेतीसची होती."

कागद घडी करून त्याने खिशात घातला आणि पुन्हा वळकटीचा पट्टा ओढायला लागला. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि निघून आलो. घरी येऊन सुमतीला सगळं सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुस्तक निघालं. चांगलं खपलंही. त्यानंतर मी दुसरं लिहिलं नाही.

एका डॉक्टर स्नेह्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, अपराधी मनाने ती ओळ लिहवून घेतली. असेल. माझ्या हाताचं कोडं त्याने सुटतं. पण कुसुमवहिनींचं काय? त्यांनी कधी आमच्या कचेरीची पायरी चढली नव्हती. फडक्याचा रंग मी कुणाला सांगितला नव्हता, गाठीचं तर नाहीच. भोपाळात त्या जे बोलत होत्या, ते त्याच दुपारी लश्करात माझ्या पानावर कसं उतरलं? मी आयुष्यभर रहस्यं उलगडून दाखवली. याचं टोक मला आजही सापडलेलं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी दिगंबर रिटायर होऊन लश्करात परत आला. एकदा दौलतगंजात समोरासमोर आलो. मी थांबलो. तोही थांबला, हात जोडले आणि म्हणाला,

"नमस्कार. बरे आहात ना आपण?"