सहाशे चाळीस केबी

चाकणच्या आमच्या कारखान्यात स्प्रिंग तपासायचं जुनं मशीन आहे. त्याचा कॉम्प्युटर अजून विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालतो, मेमरी जेमतेम सहाशे चाळीस केबी. तो अडला की दुरुस्तीला देहूरोडहून एक म्हातारा येतो. आयटी विभाग माझा, पण ऑपरेटर खुर्ची पुसून देतो ती त्याला. मला नुसतं, "सर, नेट लई स्लो हाय." पोटात दुखतं माझ्या.

परवा रिपोर्ट थेट माझ्या लॅपटॉपवर यावेत म्हणून मी त्यात नेटवर्कचा ड्रायव्हर घातला, आणि तपासणीचा प्रोग्रॅम उघडेचना. मेमरी पुरत नव्हती. शेवटी म्हाताऱ्याला बोलवावं लागलं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला. मेमरीत काय काय आहे आणि कोण किती जागा खातं, ते बोटांच्या पेरांवर मोजलं. सगळं तोंडपाठ! मग मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधली माझ्या ड्रायव्हरची तेवढी ओळ खोडली. मशीन सुरू.

"साहेब, तुमच्या लॅपटॉपला मेमरी किती?"

"सोळा जीबी," मी ताठ्यात म्हणालो.

"अरे वा! मग आत्ता त्यात काय काय चालू आहे?"

त्याने अगदी मनापासून विचारलं होतं. ऑपरेटरही माझ्याकडे बघू लागला. मीही बोटाच्या पेरावर अंगठा ठेवला, "ब्राउझर" म्हणालो आणि पहिल्याच पेरावर अडलो. लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत होता.