रेषेपासून अर्धं पाऊल

“वैशे, एक्स तीन, वाय दोन! तीन अधिक दोन दुणे चार किती? मोठ्यानं बोल!”

आमच्या शाळेतले गणिताचे कदम सर मैदानावर असे गरजले, की पलीकडच्या तालुक्यातल्या म्हशींनी दावी तोडली असतील. मी शिक्षकखोलीच्या खिडकीत चहा घेत उभी होते. सरांनी फक्कीनं मैदानावर आलेख आखला होता. एक्स अधिक दोन वाय बरोबर आठ, या समीकरणाची रेषा ओढून नववीच्या मुलांना बिंदू म्हणून उभं केलं होतं.

“सात,” वैशाली पुटपुटली.

“आणि हवेत किती?”

“आठ!” सगळा वर्ग किंचाळला. “वैशी बाहेर! वैशी बाहेर!”

ती रेषेपासून जेमतेम अर्ध्या पावलावर होती. एवढंसं मीठ कमी पडलं तरी आपण जेवतो. नवरा तर याहून कितीतरी कमी पडतो, तरी संसार करतो. समीकरणाला मात्र ‘जवळपास’ कळत नाही. ती रेषा मैदान, नदी, सात समुद्र ओलांडून थेट चंद्रापलीकडे जाणारी, दोन्हीकडून अंत नसलेली. तरी एवढ्या लांबीत एका पोरीपुरती जागा नव्हती. वैशाली मान खाली घालून ओठ चावत होती आणि वर्ग पोट धरून हसत होता.

मधल्या सुट्टीत मी सरांना म्हटलं, “पोरीची जागा चुकली, म्हणून एवढं रडवायचं?”

“चुकली कुठं?” चहात बिस्कीट बुडवत सर म्हणाले. “तिथं तिला मीच उभं केलं होतं. दाखवायला एक बिंदू रेषेबाहेर लागतो.”