गावंडे सरांची खंडेनवमी

गावंडे सरांशी ओळख झाली की नमस्काराच्या आधी ते तुमचा फोन मागत. अकोल्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक उंच, काटकुळा, कडक इस्त्रीच्या शर्टातला माणूस समोर आला आणि हात पुढे करून म्हणाला, "मॅडम, फोन दाखवा बरं. जागा किती उरली?" मी अमरावतीची, म्हणजे आगाऊपणा मला नवा नव्हता, तरी गांगरलेच. त्यांनी माझ्या फोनातले गुलाब, वाफाळते चहाचे कप आणि शुभ सकाळचे सूर्य माझ्यादेखत पुसून टाकले. फोन परत देताना म्हणाले, "नातेवाईक चांगले हायेत तुमचे. पण एवढं चांगलं बरं नाई." मला राग आला, पण त्या दिवसापासून फोन नीट चालायला लागला हेही खरं.

ते कॉम्प्युटर शिकवत. अमरावतीला राहून मोठी पदवी घेतलेली, पण नेमणूक तासिका तत्त्वावर. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की घरी बसा. बाळापूरहून रोज बसने यायचे आणि दारातूनच बोलायला सुरुवात करायचे. दुसऱ्याचं बोलणं पुरतं होऊ देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मी कोणाच्या बापाले भेत नाई," हे वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचंच. हेडक्लार्क पोहनकरांना तर ते तोंडावर म्हणत, "तुमी कॉम्प्युटरले टाइपरायटर समजून राहिले." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच पोहनकरांनी ते कधी विसरलं नाही. स्टाफरूममध्ये गावंडे सर आवडते होते असं मी म्हणणार नाही. मला आवडायचे, तेही अधूनमधून.

आमची कॉम्प्युटर लॅब म्हणजे एक प्रदर्शन होतं. रांगेत मशीन, त्यांच्यावर फुलाफुलांची कव्हरं, आणि आत जीव म्हणाल तर नावाला. नवीन विंडोज त्या म्हाताऱ्या मशीनना झेपत नव्हती, नवीन मशीन घ्यायचं संस्थेच्या मनात नव्हतं. चांदूर बाजारकडची, बाळापूरकडची मुलं नातेवाइकांकडे राहून शिकत, आणि कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक फळ्यावर बघत. गावंडे सर फळ्यावर खडूने माउस काढून दाखवायचे. हे त्यांच्या मनाला फार लागत असे.

त्यावरचा इलाज त्यांच्याकडे होता. लिनक्स नावाची दुसरी कार्यप्रणाली, जुन्या मशीनवर चालणारी, मराठीत वाचता येणारी आणि फुकट. फुकट म्हटल्यावर प्राचार्यांना पहिला संशय आला. "फुकट आहे म्हणजे खोट असणार," ते म्हणाले. "आधी माझ्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवर दाखवा. आहे ते सगळं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. मग लॅबचं बघू." त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एवढीशी. आजच्या साध्या फोनात त्याहून जास्त जागा असते, आणि त्या एवढ्याशा डिस्कवर संस्थेचा सगळा पत्रव्यवहार, स्नेहसंमेलनांचे फोटो आणि प्राचार्यांच्या मुलीचा अख्खा साखरपुडा कोंबलेला होता.

एकाच डिस्कवर दोन संसार कसे मांडणार, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. आवडीचा प्रश्न आला की ते असंच करत. "मॅडम, तुमच्या घरी एकच खोली हाय असं धरा. पाव्हणा आला. तं काय तुमी घर पाडता? सामान एका बाजूनं सरकवता, मधात पडदा बांधता. इकडं तुमी, तिकडं पाव्हणा. तसंच हाय हे. अंदरचा माल सरकवाचा, डिस्कले मधात पडदा लावाचा. मशीन चालू केलं की ते विचारते, कोनाकडं जाचं? पाव्हणा नाई पटला, पडदा काढून टाका. घर तं तुमचंच हाय ना!" मग थोडं थांबून म्हणाले, "फक्त सरकवता सरकवता कोनी लाइट बंद केला, तं घरवालाबी गेला अन् पाव्हणाबी गेला."

त्याच वर्षी त्यांच्या पदाला मान्यता येणार होती. प्राचार्यांनी शिफारस केली की गावंडे सर परमनंट. या एका शब्दावर त्यांचं घर टेकलेलं होतं. लग्न जमत नव्हतं, कारण मुलीकडचे लोक पदवी विचारत नाहीत, परमनंट आहे का विचारतात. एकदा मी बाळापूरला त्यांच्या घरी जेवायला गेले होते. त्यांच्या आईने ताटात भाकरीवर भाकरी वाढली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "माहा पोरगा परमनंट कधी होईन वं बाई? मी डोये मिटाच्या आंधी होईन ना?" गावंडे सर ओरडले, "माय, जेवू दे त्याईले!" पण त्यांनीही भाकरीचा घास हातातच धरून माझ्या उत्तराची वाट पाहिली.

डिस्कच्या कामासाठी त्यांनी खंडेनवमीचा दिवस निवडला. आपल्याकडे त्या दिवशी औत, हत्यारं, यंत्रं धुऊनपुसून ठेवतात, पूजा करतात, कामाला लावत नाहीत. ऑफिसमध्येही कोणी कॉम्प्युटरसमोर बसत नाही. "आजचा दिवस बेस हाय, मॅडम," ते खुशीत म्हणाले. "आज मशीनले कोनीच हात लावनार नाई." पोहनकरांना त्यांनी आधीच बजावलं होतं की सगळ्याची एक नक्कल बाहेर काढून ठेवा. पोहनकर म्हणाले होते, "घेतली हो." सकाळीच काम सुरू झालं. स्क्रीनवर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. स्क्रीनवर त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "काम सुरू आहे, बंद करू नये", आणि मुलांबरोबर लॅबमधल्या मशीनना झेंडूच्या माळा घालायला गेले.

पूजेला आम्ही सगळे केबिनमध्ये जमलो. प्राचार्यांनी सोवळं नेसलं नव्हतं एवढंच, बाकी थाट तसाच. कॉम्प्युटर चालू बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "खंडेनवमीला यंत्र चालू? आज विश्रांती असते त्याला." मी म्हटलं, "सर, गावंडे सरांचं काम चालू आहे, चिठ्ठी लावली आहे त्यांनी." ते म्हणाले, "पूजा झाली की करू चालू. पाच मिनिटांत काय होतं?" आणि स्वतःच्या हाताने त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. स्क्रीनला गंध लागलं, माळ चढली, माळेखाली चिठ्ठी झाकली गेली. नारळ फोडायला शिपायाला बाहेर पाठवलं. खोबरं वाटत असताना गावंडे सर दारात आले. कोणीतरी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि त्यांची नजर काळ्या स्क्रीनवर गेली. त्यांनी माळ वर उचलून खालची आपली चिठ्ठी बघितली आणि खोबऱ्याचा तुकडा हातात तसाच धरून भिंतीवरच्या बटणाकडे गेले.

बटण पुन्हा दाबल्यावर काहीच उघडेना. जुनं नाही, नवं नाही. मग पोहनकरांची नक्कल शोधली. ती त्यांनी त्याच डिस्कवर, 'बॅकअप' नावाचा कप्पा करून ठेवली होती. "एकाच कोठीत दोन पोते ठेवले म्हंजे दोन कोठ्या होते का, पोहनकर?" एवढंच गावंडे सर म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता, नुसती दमणूक होती.

दसऱ्यानंतर सभा झाली. प्राचार्यांनी विषय मांडला, गावंडे यांच्या निष्काळजीपणामुळे संस्थेचं नुकसान. मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, बटण तुम्ही बंद केलं. मी तिथे होते." प्राचार्य शांतपणे माझ्याकडे वळले. "म्हणजे पूजेने मशीन बिघडलं असं म्हणायचं आहे का तुम्हाला, मॅडम?" आता बोला! मी म्हटलं, पूजेने नाही, बटणाने. पण तोवर 'काळ कसा आलाय', 'देवधर्मावर घ्यायचं का आता', अशी कुजबुज सुरू झाली होती. पोहनकरांनी तर कानाला हात लावला. भूगोलाच्या सरांनी, जे माझ्या शेजारीच पूजेला उभे होते, खिडकीबाहेर पाहिलं. ती माणसं मला आजही भेटतात, मी त्यांना आजही नमस्कार करते आणि प्रत्येक वेळी तोंड कडू होतं.

प्राचार्यांनी सांगितलं, गावंडेंनी सगळ्यांसमोर माफी मागावी, विषय इथेच मिटेल. मला वाटलं, आता हा माणूस टेबल उलथून टाकणार. गावंडे सर उठले, हात जोडले आणि म्हणाले, "माझी चूक झाली. माफ करा." शुद्ध मराठीत म्हणाले. बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. कोणाच्या बापाला भीत नाही ना तुम्ही? ते म्हणाले, "ऑर्डर हाती येऊ द्या मॅडम, मंग भांडू. माय वाट पाहून राहिली."

दिवाळीच्या सुट्टीत ती डिस्क ते घरी घेऊन गेले. डिस्कमधला माल एकदम नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता हरवतो, असं त्यांनी मला समजावलं होतं. एक एक फाइल त्यांनी हुडकली. नावं पुसली गेली होती, म्हणून प्रत्येक फाइल उघडून, बघून, तिला नाव दिलं. काही गेलं ते गेलंच, पण बहुतेक सगळं त्यांनी परत आणलं. साखरपुड्याचे फोटो तर नवरीकडचे वेगळे आणि नवऱ्याकडचे वेगळे लावून. मी म्हटलं, "ऑर्डरवर सही झाल्याशिवाय देऊ नका." ते माझ्यावरच चिडले. "काहून? माल त्याईचा हाय. अडवून ठेवाले मी काय दलाल हाओ?" प्राचार्यांनी डिस्क घेतली आणि म्हणाले, "ठेवा तिथे."

मान्यता आली आणि त्या जागेवर संस्थाचालकांचा भाचेजावई बसला. कारण विचारायला मी गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, "ज्याला एक डिस्क सांभाळता आली नाही, त्याच्या हाती लॅब कशी द्यायची? आणि त्यांनी स्वतःच चूक कबूल केली आहे, सगळ्यांसमोर." ती माफी कशासाठी मागून घेतली होती, हे मला तेव्हा कळलं. गावंडे सरांना ते आधीच कळलं असावं. ते कोणालाही न भेटता गेले. लॅबमधली मशीन पुढच्या उन्हाळ्यात भंगारवाल्याने कव्हरांसकट नेली.

वर्ष होऊन गेल्यावर एका लग्नासाठी मी बाळापूरला गेले आणि पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळले. आई ओसरीत तूर निवडत बसली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. "या वं बाई! पोरगा तं कॉलेजात गेला. तुमी काहून नाई गेल्या आज?" मी म्हटलं, रजा घेतली. ती सांगत राहिली, "परमनंट झाल्यापासून लय काम पडते मनते त्याले. सकायीच जाते. आता पोरगी पाहून राहिलो आमी." मग आत गेली आणि पेढ्यांचा डबा घेऊन आली. "हे तुमच्या मोठ्या सरायले देजा. त्याईनं माह्या पोराचं भलं केलं. पोराले कितीकदा सांगतलं, तं मनते, सरायले गोड चालत नाई."

रोज सकाळी निघतात म्हणजे अकोल्यातच कुठेतरी असणार, म्हणून परतताना तिथल्या बसस्टँडजवळच्या दुकानांमधून मी त्यांना शोधून काढलं. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका गाळ्यात ते बसले होते, तोच इस्त्रीचा शर्ट. मला पाहून पहिला प्रश्न, "मायले काई सांगतलं तं नाई ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली. मी डबा दाखवला आणि कोणासाठी आहे ते सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

"तुमीच खा, मॅडम. त्याईले देऊ नका."

"का? चांगलं तोंडावर देते. घशात अडकू द्या त्यांच्या."

"अडकनार नाई," ते म्हणाले. "गोड लागन त्याईले."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी केबिनमध्ये गेले. प्राचार्यांनी डबा उघडताच एक पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कशाचे?" मी एकेक शब्द नीट उच्चारत म्हटलं, "गावंडे सरांच्या आईने पाठवले. तुम्ही त्यांच्या मुलाला परमनंट केलंत, म्हणून."

त्यांचा जबडा क्षणभर थांबला. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग तो घास सावकाश चावून गिळला, डब्यात बोट फिरवून दुसरा पेढा निवडला आणि म्हणाले, "खव्याचे आहेत. छान आहेत."